ठेंगणीची उंची

११ फेब्रुवारी

शेंगे,

हे पत्र लिहायची माझी इच्छा नव्हती. चाचणी-मळ्याचा अहवाल आला म्हणून लिहिते आहे.

'ठेंगणी' तीन ठिकाणी लावली होती. तिन्ही ठिकाणी ती वाढली. वीतभर राहायला हवी होती ती दीड वीत झाली, काही रोपं तर दोन. फोटो पाठवलेत त्यांनी. वाफ्याच्या मधली झाडं गर्दीत टाचा उंचावून उभी राहिलेल्या माणसांसारखी दिसतात, आणि कडेची तेवढी बुटकी. वाण-नोंदणी समितीचं म्हणणं असं की वाण ठेंगणाही नाही आणि एकसारखाही नाही. हंगामाच्या शेवटी, फुलं आल्यावर, ते स्वतः आपल्या काचघरात येऊन बघणार. तोवर खुलासा करता आला नाही तर नोंदणी रद्द.

तुला आठवत नसेल तर सांगते, नोंदणी कशाची आहे ते. एकदा लावली की वर्षानुवर्षं त्याच मुळातून फुटणारी, कुंडीत वीतभर राहणारी, घुमटासारखी गोल भरणारी शेवंती. आणि बुटकी ठेवायला एक थेंबही औषध नाही. हे शेवटचं वाक्य लेबलवर आहे, खाली माझी सही आहे. माझं अर्ध्याहून जास्त आयुष्य या काचघरात गेलं. त्यातून दाखवण्याजोगं एवढंच निघालं.

आता प्रश्न विचारते. हो किंवा नाही एवढंच उत्तर दे.

तू जाताना मूळ झाडं बदललीस का?

माझ्या डोळ्यावर पट्टी होती त्या आठवड्यात तू गेलीस. किल्ल्या तुझ्याकडे होत्या. त्या आधी आपलं बोलणं झालं होतं, आणि बाविसाव्या वर्षी जे करायचं ते बावन्नाव्या वर्षी करायला निघालेल्या बाईला मी जे बोलायचं ते बोलले होते. ते मी पुन्हा बोलणार नाही आणि मागेही घेणार नाही. पण त्या रागात तू खरी झाडं घेऊन गेलीस आणि त्यांच्या जागी दुसरी ठेवलीस, असं असेल तर मला कळायला हवं.

ताई

३ मार्च

शेंगे,

उत्तर मिळालं. घड्याळाच्या दुकानाच्या पावतीमागे चार ओळी. कागद मिळत नाही का तिकडे?

तू लिहितेस, "काहीही बदललं नाही. एक कुंडी नेली. विचारलं नाही, कारण डोळ्याला पट्टी आणि तोंडाला कुलूप लावलेल्या माणसाला विचारायचं कसं? ती आमच्या दुकानाच्या काचेत आहे. दोनदा फुलली. वीतभरच आहे."

वीतभरच आहे. हे शब्द मी बऱ्याच वेळा वाचले.

म्हणजे खरी ठेंगणी तुझ्याकडे आहे आणि माझ्याकडे राहिली ती भेसळ. तू मुद्दाम केलं नसशील. कटिंग काढताना कुणाच्या तरी हातून कुंड्यांची अदलाबदल झाली असेल आणि तू उचललीस ती नेमकी खरी निघाली. तसं असेल तर पहिल्या पत्रातला माझा प्रश्न मी मागे घेते. कुंडी मात्र मला हवी.

पाठवताना पाणी आदल्या दिवशी घाल, त्याच दिवशी नको. खोकं उंच घे. शेंड्यांना काही टेकता कामा नये. आणि झाडाला हात कमीत कमी लाव. तुझी सवय मला ठाऊक आहे.

तू माझ्या डोळ्यांची चौकशी केली आहेस. दिसतं.

ताई

२० एप्रिल

शेंगे,

कुंडी पोचली. तुझा घड्याळवाला स्वतः घेऊन आला. बसमध्ये पूर्ण वेळ मांडीवर धरून बसला होता म्हणे. मी कुरियरने पाठवायला सांगितलं होतं. तो म्हणाला, "ती म्हणाली, कुरियरवाले उलटी ठेवतात."

मी चहा विचारला. नको म्हणाला. ऑफिसातल्या खुर्चीवर काठाला टेकून बसला आणि भिंतीकडे बघत राहिला.

"हे बंद आहे," तो म्हणाला.

"माहीत आहे मला."

"कधीपासून?"

"मला वेळ बघायला हातात घड्याळ आहे."

मी कुंडी आत ठेवून आले तेवढ्यात त्याने स्टुलावर चढून घड्याळ उतरवलं होतं आणि खिशातल्या लहानशा पेचकसाने उघडून बसला होता. मी परवानगी दिली नव्हती. निघण्याआधी त्याने ते परत टांगलं, आणि ते चालू झालं.

जाताना म्हणाला, झाडाला बघून जातो. मी काचघरात नेलं. त्याने कुंडीवर तळहात ठेवला आणि शेंड्यांवरून एकदा इकडून तिकडे फिरवला, घरातल्या मुलाच्या डोक्यावरून फिरवतात तसा.

"हात लावू नका," मी म्हटलं.

"सवय झाली हो. दुकान उघडलं की आधी ती, मग मी. शटर वर आणि हात खाली. गिऱ्हाइकंपण लावतात आता. गमतीची वाटते त्यांना, उशीसारखी."

"ही उशी नाही."

"नाही, नाही," तो म्हणाला आणि हात मागे घेतला.

माणूस गरीब स्वभावाचा दिसतो. एवढं लिहिलं, पुरे झालं.

झाड खरोखरच वीतभर आहे. फांद्या आखूड, पानं दाट, खोड जाड. त्या दिवशीच त्याची कटिंग काढून मुळं फुटायला लावली. शेंडे खुडायची वेळ मे महिन्यात येईल. जुनी सगळी झाडं फेकून द्यायला मी मावशींना सांगितलं. मावशी, म्हणजे नव्या, तू गेल्यावर पाणी घालायला ठेवल्या त्या. त्या म्हणाल्या, "बाई, एक रांग ठेवू या, दाराजवळची. तिथे काहीच नसलं तर भकास दिसेल." ठेवा म्हटलं.

ताई

२ जुलै

शेंगे,

वाढली.

तुझ्या कुंडीपासून काढलेली प्रत्येक काडी वाढली. सगळ्या दीड वितीच्या वर, आणि सगळ्या अगदी एकसारख्या. समितीला हवा तो एकसारखेपणा मिळाला, फक्त उंची चुकीची. तुझी मूळ कुंडीसुद्धा इथे आल्यापासून सुटली. नवीन फुटवे लांबलचक आलेत, खालचा जुना भाग मात्र आखूड आहे. एकाच झाडावर दोन झाडं बसवल्यासारखी दिसते.

म्हणजे भेसळ नव्हती. तू काही बदललं नव्हतंस आणि कुणी चुकलंही नव्हतं. तुझ्याकडची आणि माझ्याकडची ठेंगणी एकच. तुझ्याकडे ती ठेंगणी राहते, माझ्याकडे राहत नाही.

मागच्या वर्षीच इथली झाडं थोडी वाढलेली दिसली होती. तेव्हा मी उजेडाला दोष दिला. काचेवर शेवाळ धरलं होतं, ते खरवडून घेतलं. त्याआधीच्या वर्षी खताला दोष दिला होता. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर सगळंच मोठं दिसतं, असंही एकदा मनात आलं होतं. हे मी समितीला लिहिलेलं नाही.

व्यापारी आला होता. आपली रोपं हाच शहरोशहरी पोचवतो. उंची बघून तो हसला.

"बाई, एक फवारा. विषय संपला. सगळेच मारतात."

"लेबलवर काय लिहू?"

"लेबल वाचतं कोण?"

"मी."

"तुम्ही गिऱ्हाईक नाही."

"मी सही करणारी आहे," मी म्हटलं. तो चहा अर्धा ठेवून गेला.

शेंगे, तुझ्याकडे पाणी कसलं आहे? नळाचं की विहिरीचं? दुकानाची काच कुठल्या दिशेला आहे? ऊन किती वेळ येतं? कुंडीत माती आपलीच होती ना? सगळं सविस्तर कळव. पावतीवर नको. कागद या पाकिटात घातला आहे.

ताई

१७ ऑगस्ट

शेंगे,

तुझं लांबलचक पत्र जुलैतच आलं. पाणी नळाचं. काच उत्तरेला. ऊन येतच नाही. माती आपलीच. उत्तरेच्या, बिनउन्हाच्या काचेत झाड उलट जास्त लांबायला हवं, आणि तुझं आखडलं. पत्र वाचून माझं डोकं आणखी फिरलं होतं.

उत्तर दारात होतं.

मावशींनी ठेवून घेतलेली ती रांग, फेकायला सांगितलेल्या जुन्या झाडांची, दाराच्या आतल्या बाजूला आहे. दारावर पोत्याचा पडदा आहे, आठवतो ना, गारव्यासाठी आपण ओला करून ठेवायचो तो. कुणीही आत-बाहेर केलं की पडदा झाडांवर आपटतो. मावशींचं येणंजाणं दिवसभर चालू असतं. त्या रोज त्या पडद्याच्या नावाने बोटं मोडतात, "मेल्याने झाडं मारून टाकली." मी त्यांना पडदा बांधून ठेवायला सांगायला गेले आणि बघितलं, तर पडदा पोचतो तिथपर्यंतची झाडं वीतभर. जिथे पडदा पोचत नाही तिथून पुढची उंच. कुणी पट्टीने आखल्यासारखी.

मी तिथेच उभी राहिले. मावशी म्हणाल्या, "बाई, पाणी आणू का?" मी नको म्हटलं.

कॉलेजात हे आम्हाला शिकवलं होतं. वाऱ्यावरचं झाड आखूड होतं आणि जाड होतं, सारखं हलणारं झाड उंचीत खर्च न करता खोडात करतं. परीक्षेत मी ते लिहिलंसुद्धा होतं, चांगलं दोन पानं. पण ते डोंगरावरच्या झाडांबद्दल होतं. चाचणी-मळ्यातली कडेची झाडं बुटकी का होती, तेही आता कळतं. त्यांना वारा लागत होता आणि जाणाऱ्यायेणाऱ्याचे कपडे लागत होते. मधल्यांना काहीच शिवत नव्हतं.

आणि इथे तुझा हात लागत होता.

सकाळी सावलीची जाळी ओढून झाली की तू पुढच्या बाकावरून हात फिरवत जायचीस. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक न चुकता, काहीतरी पुटपुटत. परत येताना दुसऱ्या हाताने. जेवायला बसलीस तरी तुझ्या हाताला त्या पानांचा कडवट वास असायचा आणि आई म्हणायची, "शेंगे, आधी हात धू, नाहीतर भाजीला शेवंतीची चव येते." मी किती वेळा म्हटलं असेल, हात आवर. तू "हो ताई" म्हणायचीस आणि मी वळले की परत सुरू. मला वाटायचं हा पोरकटपणा आहे, आणि पोरकटपणाला मी औषध शोधत बसले नाही.

खात्री केल्याशिवाय मी काही मानत नाही हे तुला माहीत आहे. एकाच झाडाच्या कटिंगचे दोन बाक केले. एकाला कुणीही शिवायचं नाही. दुसऱ्यावरून मी महिनाभर रोज सकाळी हात फिरवला. पहिल्या दिवशी लाज वाटली. मावशी बघत होत्या. त्यांना म्हटलं, हे काम आहे. त्या म्हणाल्या, "मी कुठे काय म्हटलं?"

हात फिरवलेला बाक वीतभर आहे. दुसरा वाढला.

आता याचा अर्थ नीट समजून घे. संकर मी केले, पराग मी लावला, पण रोपांची निवड आपण नेहमी पुढच्या बाकावर केली, कारण उजेड तिथे चांगला. वर्षानुवर्षं मी तिथली सर्वांत आखूड रोपं निवडली आणि त्यांची पुढची पिढी केली. मी झाडाचा गुण निवडते आहे असं मला वाटत होतं. मी निवडत होते तुझ्या हाताखाली जास्त आखडणारी झाडं. ठेंगणी बीजाने ठेंगणी नाहीच. मागच्या बाकावर तुझा हात पोचत नव्हता. तिथली रोपं उंच दिसायची म्हणून मी उपटून खतात टाकली. त्यांच्यात एखादी खरोखरीची ठेंगणी असेलही. तुझ्या बाकावरच्या आखडलेल्या रोपांशेजारी ती मला उंच वाटली असेल.

हे तुला लिहावंसं वाटलं. तुला याचा काही दोष नाही. तुला माहीतच नव्हतं. मला माहीत असायला हवं होतं, आणि आता ते आहे.

ताई

२१ सप्टेंबर

प्रिय शेंगे,

व्यापाऱ्याला सगळं सांगितलं. मला वाटलं तो कपाळाला हात लावेल. तो खूश झाला.

"मग फिरवा की हात! समिती येईपर्यंत सगळ्या बाकांवरून फिरवा. हात म्हणजे काय औषध आहे? लेबल खरंच राहतं तुमचं."

मी म्हटलं, "आणि विकल्यावर?"

"विकल्यावर झाड गिऱ्हाइकाचं. पोरगी सासरी गेल्यावर वाढली तर माहेरच्यांनी काय करायचं?"

मी त्याला हाकललं. पण खरं सांगायचं तर त्यानंतर आठवडाभर मी सगळ्याच बाकांवरून हात फिरवला. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. एकालाही सोडलं नाही. मनाशी म्हणायची, निर्णय नंतर घेऊ, तोवर झाडं तरी हातात राहू देत. तळहाताला तो वास धरला. साबणाने जात नाही. तुझा कसा जायचा?

मग तुझं पत्र आलं. तू लिहितेस, "ताई, नोंदणी सोडू नकोस. मी येते. समिती जाईपर्यंत राहते. एकटीच्या हाताने सगळे बाक व्हायचे नाहीत, दोघी मिळून करू. यांनीच सांगितलं जा म्हणून. माझी खोली अजून तशीच आहे का?"

खोली तशीच आहे. पलंगावर कुंड्यांचे क्रेट ठेवले होते, ते काढून घेतले.

दोन दिवस विचार करते आहे. नंतर लिहीन.

ताई

६ ऑक्टोबर

प्रिय शेंगे,

येऊ नकोस.

समिती येऊन जाईपर्यंत येऊ नकोस. तू काचघरात शिरलीस की तुझा हात थांबणार नाही, आणि तुझा हात झाडांवरून फिरताना बघितला की मला थांबवणं जमायचं नाही. दोघी मिळून आपण अख्खं काचघर वीतभर करून दाखवू. ते लोक बघतील, मोजतील, शिक्का मारतील आणि जातील. मग पुढच्या वर्षी कुणीतरी बाई खिडकीत लावायला ठेंगणी विकत घेईल. ती काही रोज सकाळी हात फिरवणार नाही. तिला नोकरी असेल, पोरंबाळं असतील. झाड वाढेल, आडवं पडेल, आणि ती म्हणेल, माझ्याच हाताला गुण नाही.

असं म्हणणाऱ्या बायका मी पुष्कळ बघितल्या आहेत. त्यांच्यात आणखी भर घालायची नाही.

आजपासून एका बाकाला हात लावणं मी बंद केलं. दुसऱ्यावर चालू ठेवलं आहे. समितीला दोन्ही दाखवायचे आहेत.

तू यावंस असं मला वाटत नाही, असा याचा अर्थ काढू नकोस.

ताई

१२ नोव्हेंबर

प्रिय शेंगे,

समिती काल येऊन गेली. तिघे होते. अध्यक्ष माझाच वर्गबंधू निघाला, कॉलेजात माझ्या वह्या उसन्या न्यायचा तो. केस गेलेत, बाकी तसाच आहे, समोरच्याचं ऐकताना मान हलवतो आणि ऐकत नाही.

दारातून आल्या आल्या हात फिरवलेला बाक दिसतो. फुलांनी भरलेला, सगळ्या कुंड्या एका उंचीच्या, वर पाट ठेवला तर हलणार नाही. तो थांबलाच.

"अरे, ही तर आहे तशीच आहे! मळेवाल्यांनीच काहीतरी गोंधळ घातला असणार. मी म्हटलंच होतं यांना, बाईंचं काम आहे, चुकायचं नाही." आणि त्याने फॉर्म काढला. पेन काढलं.

शेंगे, पेनाचं टोपण निघालेलं मी बघितलं. तेवढ्या वेळात गप्प बसले असते तरी झालं असतं. एक शब्द खोटा बोलावा लागला नसता.

मी म्हटलं, "दुसरा बाक बघून घ्या. एकाच झाडाची कटिंग आहेत."

दुसरा बाक बघितल्यावर त्याने चष्मा पुसला. मी सगळं सांगितलं. पडदा, वारा, हात. तुझा उल्लेख "माझी धाकटी बहीण, जिने पुढच्या बाकाचं काम बघितलं" असा केला. बाकी दोघांतली एक तरुण मुलगी होती, तिने लगेच बाकावरून हात फिरवला आणि मग घाबरून मागे घेतला. मी म्हटलं, फिरवा, एकदा फिरवून काही होत नाही. रोज फिरवावा लागतो.

वर्गबंधू मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे तुम्ही दाखवलं नसतंत तर चाललं असतं."

"तुमच्याकडे चाललं असतं. गिऱ्हाइकाकडे वाढलं असतं."

"तुम्ही अजून तशाच आहात."

"तुम्हीपण. अजून दुसऱ्याच्या वहीवरून पास करता."

तो हसला. मग त्याने पेनाला टोपण लावलं. नोंदणी मी स्वतःच मागे घेतली, म्हणजे रद्द झाल्याचा शिक्का लागणार नाही. मागे घेण्याच्या अर्जात कारणाची एकच ओळ असते. मी लिहिलं: "वाणाचा ठेंगणेपणा बीजाचा नसून रोजच्या हाताळणीचा आहे." वाणाचं नाव आता मोकळं झालं, कुणीही घेऊ शकतं.

ते गेल्यावर मी बाकाशी बसले होते. मावशी आल्या. "बाई, आता यांचं काय करायचं? फेकायची?" ठेवा म्हटलं. "मग हात फिरवायचा का उद्या?" मी म्हटलं, उद्याचं उद्या बघू. सकाळी उठले आणि फिरवून आले.

ऑफिसातलं घड्याळ अजून नीट चालतं. मेहुण्यांना सांग.

मागच्या संकराचं थोडं बी डब्यात गार ठेवलेलं आहे. काही उगवेल, काही नाही. ते आता मागच्या बाकावर पेरणार आहे. त्यावर पडदा नाही, वारा नाही, कुणाचा हात नाही. त्यातून जे आपणहून आखूड राहील तेवढंच ठेवायचं. माझ्या वयाला हे काम शेवटापर्यंत जाईल असं नाही. तरी पेरणार आहे.

ठेंगणी मात्र इथे ठेवता येणार नाही. तिला रोज हात लागतो, आणि ती सवय राहिली तर माझा हात मागच्या बाकाकडेही जाईल. दुकानाच्या काचेत जागा असेल तर मूळ झाडं घेऊन जा.

आता ये.

ताई

२९ नोव्हेंबर

हस्तांतराची नोंद

देणार: थोरली बहीण. घेणार: धाकटी बहीण, सोबत मेहुणे.

दिलेल्या वस्तू:

ठेंगणीची मूळ झाडं, कुंड्यांसह, दोन क्रेट भरून. सर्व फुलांवर. यात घेणारीची दुकानातली जुनी कुंडीही आहे. तिचे वाढलेले फुटवे छाटले आहेत, खालचं आखूड अंग तसंच ठेवलं आहे.

पराग लावायचा ब्रश, एक. जुना आहे. घेणारीने तो मागितला. कशाला, ते सांगितलं नाही.

पुढच्या बाकावरची लाकडी पाटी, 'हात लावू नये', ती घेणारीच्या मागणीवरून देण्यात आली. दुकानात लावणार असं मेहुणे म्हणाले. देणारीला हसू आलं.

न दिलेल्या वस्तू: डब्यातलं बी. ऑफिसातलं घड्याळ.

शेरा: झाडं देण्यापूर्वी घेणारीला काचघर दाखवलं. मागच्या बाकावर पेरणी झालेली आहे, रोपं दोन पानांवर आहेत. त्या बाकाजवळून जाताना घेणारीने दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले आणि बाहेर येईपर्यंत काढले नाहीत. तिला तसं सांगावं लागलं नाही.

निगा: पाणी माती सुकल्यावर. फुलं सरल्यावर बुडाशी छाटणी. रोज सकाळी हात फिरवणे.

परत करायचे: रिकामे क्रेट, दोन. कुरियरने पाठवू नयेत. स्वतः आणावेत.